वाचता येणे आणि वाचक होणे

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील विद्यार्थी-गौरव समारंभात केलेले भाषण)



आम्ही काही पंडित नव्हे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. त्यावर अध्यापक विद्यालयातील दोन वर्षांची शिदोरी, एवढेच आमचे भांडवल. १९८० साली आम्ही प्राथमिक शाळेत रुजू झालो, तेव्हा आपला हा भाग धुळे जिल्ह्यात मोडत असे. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला. पण आमचा फळा, खडू आणि समोर बसणारी चिमुकली मुले यांत काही फरक पडला नाही. २०१८ साली निवृत्त होईपर्यंत अडतीस वर्षे मुलांना अक्षरओळख करून देणे हाच आमचा उद्योग होता. ज्या विषयात आमच्या हातून थोडेफार काम झाले, आणि खरे सांगावयाचे तर काही चुकाही झाल्या, त्याच विषयावर बोलणे आम्हांस उचित वाटते. मूल वाचावयास शिकल्यानंतर ते आपल्या पायांवर उभे राहून वाचू लागेपर्यंत वडीलधाऱ्यांनी काय करावे, हा तो विषय होय.

प्रथम एक अनुभव सांगतो. शहादे तालुक्यातील एका गावी आमच्या वर्गात एक मुलगा होता. वाचनात तो सर्वांच्या पुढे. शाळेत कोणी अधिकारी आले की आम्ही त्यालाच उभे करीत असू. खणखणीत आवाजात तो धडा वाची, अधिकारी प्रसन्न होत आणि आमची छाती फुगून येई. त्याने काय वाचले, हे त्यास कोणी विचारले नाही. आम्हीही विचारले नाही. पुढे तो आठवीपर्यंत शिकला आणि शेतीस लागला. पुष्कळ वर्षांनी एके दिवशी तो आमच्या दारी आला. त्याच्या हातात औषधाच्या डब्याबरोबर मिळणारे घडीपत्रक होते. मिरचीवर त्याने फवारणी केली होती आणि सगळे रान करपून गेले होते. पंपाला औषध किती घालावयाचे, ते पत्रकात मराठीत स्वच्छ छापलेले होते. आम्ही म्हणालो, "अरे, तुला तर वाचता येते." त्यावर खाली मान घालून तो म्हणाला, "गुरुजी, अक्षरे वाचता येतात. पण एवढे सलग वाचून ध्यानात येत नाही. शाळा सुटल्यापासून कधी वाचलेच नाही."

बंधुभगिनींनो, त्या दिवशी करपली ती केवळ त्याची मिरची नव्हती. आमच्या अध्यापनाचा अभिमानही करपला. डब्यावर धोक्याची खूण म्हणून रंगीत त्रिकोण असतो. लाल हा सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा, हा क्रम १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी ठरविलेला आहे. निरक्षरालाही धोका कळावा म्हणून ही रंगांची योजना. परंतु आमचा विद्यार्थी निरक्षर नव्हता. तो साक्षर होता, पण वाचक झाला नव्हता. त्याला आम्ही उंबरठ्यापर्यंत नेले आणि आत न नेताच परत फिरलो.

आता हे असे का होते, याचा थोडा विचार करू. मूल वाचावयास शिकते ते पायरीपायरीने. सर्वांआधी त्याच्या कानांवर भाषा पडलेली असते. मग मुळाक्षरे, बाराखडी, त्यानंतर जोडाक्षरे. आपली देवनागरी लिपी या बाबतीत मोठी प्रामाणिक आहे. बहुतांशी जसे लिहिले तसेच उच्चारावयाचे. म्हणून नियमित शाळेत येणारे मूल दुसरी-तिसरीपर्यंत अक्षरे जुळवून वाचू लागते आणि आईबापांना वाटते, काम फत्ते झाले. वास्तविक येथे काम अर्धेच झालेले असते. अक्षराला अक्षर जुळविताना मुलाची सारी शक्ती त्या जुळवणीतच खर्च होते. वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत आरंभीचा शब्द तो विसरून गेलेला असतो. पुष्कळ वाचून वाचून जेव्हा ही जुळवणी विनासायास होऊ लागते, तेव्हाच मन अर्थाकडे वळावयास मोकळे होते. नवी सून पहिल्या दिवसांत भाकरी थापताना भाकरीखेरीज दुसरीकडे पाहू शकत नाही. हात बसला म्हणजे तीच भाकरी थापता थापता चार गोष्टी बोलते. वाचनाचेही तसेच आहे. हात बसावा लागतो, आणि तो केवळ पाठ्यपुस्तकाच्या धड्यांवर बसत नाही.

पुढे तिसरी-चौथीत शाळेची मागणीच बदलते. तोवर मूल वाचावयास शिकत असते. आता त्याने वाचून शिकावे अशी अपेक्षा असते. आपल्यापैकी अनेकांनी चौथीत शिवचरित्राचे पुस्तक वाचले, ते आठवा. त्यातील वाक्ये लांब, शब्द नवे, प्रसंग दूरच्या काळातले. ज्याचा हात बसला होता, तो त्या पुस्तकात रंगून गेला. ज्याचा बसला नव्हता, त्याने प्रश्नोत्तरे पाठ केली. आणि नेमक्या याच वळणावर आपण वडीलधारी माणसे मुलाचा हात सोडून देतो. "आता तुला वाचता येते ना, मग वाच तुझे तू," असे म्हणून मोकळे होतो.

देशभर ग्रामीण भागांत घरोघर जाऊन मुलांच्या वाचनाची पाहणी करणारा 'असर' हा अहवाल २००५ पासून निघत आहे. २०२२ सालच्या अहवालात पाचवीतल्या दर शंभर मुलांपैकी सुमारे त्रेचाळीस मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला; २०२४ साली ही संख्या सुमारे एकोणपन्नासवर गेली. म्हणजे सुधारणा होऊनही निम्मी मुले मागेच आहेत. हे आकडे ऐकून दुसऱ्याच्या मुलांकडे बोट दाखवू नका. आपल्या घरातले मूल या दोन निम्म्यांपैकी कोणत्या निम्म्यात आहे, हे आज रात्री घरी गेल्यावर स्वतः पडताळून पाहावे.

शिक्षक म्हणून झालेली चूक आम्ही सांगितली. आता आजोबा म्हणून झालेली सांगतो. आमची नात लहान असता रोज रात्री तिला आम्ही पुस्तकातली गोष्ट वाचून दाखवीत असू. ती दुसरीत गेली, भराभरा वाचू लागली, तसे आम्ही पुस्तक तिच्या हाती दिले आणि वाचून दाखविणे बंद केले. चार-सहा दिवसांनी पाहतो तो पुस्तक कोनाड्यात पडलेले. आम्ही रागावलो. तेव्हा रडवेली होऊन ती म्हणाली, "आबा, मला वाचता आले नसते तर बरे झाले असते. तुम्ही अजून गोष्ट वाचली असती."

अडतीस वर्षांच्या नोकरीत जे आम्हांस उमगले नाही, ते त्या पोरीच्या एका वाक्याने उमगले. वाचता येऊ लागले याचे बक्षीस म्हणून आम्ही तिच्याकडून आजोबांची मांडी काढून घेतली होती! मुलास वाचन आवडते ते आधी त्या सोबतीमुळे. पुस्तकाची गोडी मागाहून येते, आणि ती येईपर्यंत सोबत सुटता कामा नये. त्या रात्रीपासून आम्ही नवा पाठ सुरू केला. एक पान आम्ही वाचावे, एक पान तिने वाचावे. पुढे आमचे एक पान, तिची दोन. पुढे तीच म्हणू लागली, "आबा, तुम्ही फार हळू वाचता," आणि पुस्तक घेऊन ओट्यावर जाऊन बसू लागली. तेव्हा आम्ही समजलो की आता हात सोडण्यास हरकत नाही.

आपल्या भागात पूर्वी विहिरीत पोरांना पोहावयास शिकवीत, ते आठवते ना? पाठीला वाळलेला भोपळा किंवा रिकामा डबा बांधीत. पहिल्याच दिवशी भोपळा सोडला तर पोर गटांगळ्या खाई, आणि कायमचा बांधून ठेवला तर जन्मभर पोहणे येत नसे. सोडावयाची वेळ ओळखणे हीच शिकविणाऱ्याची विद्या. वाचनातही हेच कौशल्य आईबापांना साधावयाचे आहे.

येथे कोणी भगिनी म्हणतील, "गुरुजी, आम्हालाच नीट वाचता येत नाही, आम्ही मुलांना काय वाचून दाखविणार?" त्यांना आम्ही आपल्याच खानदेशातील एका माउलीचे स्मरण करून देतो. बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरचे काम, शेतीचे काम करता करता त्या ओव्या रचीत. त्यांचे चिरंजीव सोपानदेव स्वतः कवी झाले. आईच्या मुखातील ती कविता उतरून ठेवलेली होती म्हणून वाचली, आणि १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती पुस्तकरूपाने महाराष्ट्रापुढे आली. ज्या घरात भाषा भरभरून वाहते, त्या घरात अक्षर नसले तरी वाचक जन्मास येतो. मुलाला म्हणावे, "तू वाच, मी ऐकते, आणि काय झाले ते मला सांग." भाकरी थापता थापता ऐकणारी आई ही कोणत्याही शिक्षकाहून कमी नाही. मुलाने वाचलेली गोष्ट आपल्या शब्दांत सांगितली, की त्याला समजली की नाही हे आपोआप कळते. आमच्या त्या विद्यार्थ्याला एवढे जरी कोणी विचारले असते, तरी त्याचे नुकसान टळले असते.

यालाच लागून घरच्या बोलीचा प्रश्न येतो. आपल्या जिल्ह्यात अहिराणी आहे, गुजरी आहे, भिली, पावरी, मावची आहे; सीमेलगत गुजरातीही आहे. पुस्तकातली मराठी ही येथल्या पुष्कळ मुलांच्या दृष्टीने अर्धी परकीच असते. अहिराणी बोलणारे मूल 'शाळा' हा शब्द पाहून 'शाया' म्हणते, 'डोळा' पाहून 'डोया' म्हणते. नोकरीच्या आरंभी आम्ही अशा मुलांस थांबवून दहा वेळा 'ळ' म्हणावयास लावीत असू, आणि वर्ग हसत असे. आज त्याची आम्हांस लाज वाटते. जे मूल 'शाळा' पाहून 'शाया' म्हणते, त्याने चूक केलेली नसते. त्याने शब्द वाचून अर्थ आपल्या घरात नेलेला असतो! अर्थ पोहोचला की उच्चार सावकाश सुधारतो. हसण्याने मात्र मुलाचे तोंड एकदा मिटले, की ते उघडण्यास वर्षे लागतात. म्हणून घरात बोलीत बोलण्याचा संकोच करू नये. गोष्ट मराठीत वाचावी आणि तिची चर्चा खुशाल अहिराणीत करावी.

आता घरी करता येण्याजोग्या काही साध्या गोष्टी सांगतो. मूल वाचताना अडखळले की लगेच शब्द सांगू नये. मनातल्या मनात पाचपर्यंत मोजावे. बहुधा तेवढ्यात त्याचे त्यालाच सुचते. नाहीच सुचले, तर शब्द सांगून पुढे जावे. व्याख्यान देऊ नये. एका पानात पाचांहून अधिक शब्द अडू लागले, तर ते पुस्तक सध्या कठीण आहे असे समजून बाजूस ठेवावे, व त्यात कमीपणा मानू नये. तेच ते पुस्तक मूल दहा वेळा वाचू लागले तर रागावू नये. ओळखीच्या वाटेवरच पाय वेग धरतात. आणि पुस्तक निवडण्याचा अधिकार मुलास द्यावा. आपण बोधाचे पुस्तक आणतो, त्याला भुताचे हवे असते. भुताचेच द्यावे! भूत वाचणारा मुलगा उद्या भूगोलही वाचील.

आमच्या लहानपणी आमच्या घरी पुस्तके नव्हती. वाण्याच्या दुकानातून आलेल्या पुडीचा कागद आम्ही सरळ करून वाचीत असू. त्यावर कधी अर्धीच गोष्ट असे, आणि उरलेली अर्धी आम्ही मनाने रचीत असू. मग कोणाच्या तरी घरी 'चांदोबा' पाहावयास मिळाला. मराठीत तो १९५२ पासून निघू लागला होता. विक्रम आणि वेताळाच्या त्या गोष्टींसाठी आम्ही दोन मैल चालत जात असू. आज 'चांदोबा' बंद झाला आहे; पण 'बालभारती'ने १९७१ साली सुरू केलेले 'किशोर' मासिक निघत आहे, आणि त्याचे जुने अंक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. तेव्हा मोबाईलला केवळ शिव्या देत बसण्यापेक्षा त्याच मोबाईलवर मुलाला शेजारी घेऊन 'किशोर'चा एखादा अंक उघडावा. यंत्र वाईट नाही. मुलाला एकटे टाकण्याचे साधन म्हणून आपण ते वापरतो, ते वाईट.

वाचावयास पुस्तकच पाहिजे असेही नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत नुसते घोडे दाखवू नका, दुकानांच्या पाट्या वाचावयास सांगा. एस. टी. आली की तिच्या कपाळावरचे गाव मुलाने वाचावे. नवापूरच्या रेल्वे स्थानकावर तर निसर्गतः शाळाच भरलेली आहे. त्या फलाटातून महाराष्ट्र आणि गुजरात यांची सीमा जाते, आणि तेथे मराठी, गुजराती, हिंदी व इंग्रजी अशा चार भाषा प्रवाशांच्या डोळ्यांपुढे येतात. गुजराती अक्षराला वरची रेघ नाही, एवढे जरी मुलाच्या लक्षात आले तरी अक्षरांकडे निरखून पाहण्याची त्याला सवय लागते. नंदुरबारात हुतात्मा स्मारकापाशी नेऊन ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार आणि त्याचे सोबती येथे कसे धारातीर्थी पडले, ते सांगावे. आणि मग त्याविषयीचे पुस्तक मुलाच्या हाती द्यावे. आपल्याच वयाचा, आपल्याच गावचा मुलगा म्हटल्यावर ते पुस्तक त्याला कोणी वाच म्हणून सांगावे लागणार नाही.

शेवटी मंडळास आमची एक नम्र विनंती आहे. दरवर्षी आपण या समारंभात दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार करतो, आणि तो योग्यच आहे. परंतु ज्या मुलाची वाट तिसरीतच हुकली, तो या व्यासपीठापर्यंत कधीच पोहोचत नाही, आणि त्याची कोठे नोंदही होत नाही. शाल-श्रीफळ व स्मृतिचिन्हे यांवरील खर्चातून थोडी रक्कम बाजूस काढून गावोगाव पुस्तकांची एकेक पेटी फिरती ठेवता येईल. पेटीला कुलूप असू नये. पुस्तक फाटले तर दंड असू नये; न फाटलेले पुस्तक हे न वाचलेले पुस्तक होय. रविवारी सकाळी तासभर सातवी-आठवीच्या मुलींनी व मुलांनी लहानांना वाचून दाखवावे. यात मोठ्यांचेही वाचन पक्के होते. मुलींची नावे आम्ही मुद्दाम आधी घेतली. कारण घरात पाहुणे आले की आधी पुस्तक सुटते ते मुलीच्या हातचे.

आणखी एक गोष्ट थोड्या धिटाईने सांगतो. ही पेटी केवळ आपल्या ज्ञातीपुरती ठेवू नये. आपल्या शेतावर राबणाऱ्या सालदाराचा मुलगा, उसाच्या तोडीसाठी आईबापांबरोबर गाव सोडून जाणारी मुलगी, यांचाही त्या पेटीवर तेवढाच हक्क असावा. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात शिक्षक होते. तेथील वसतिगृहातील मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने लिहून एक दैनिक काढीत. हाताशी छापखाना नव्हता, पैसा नव्हता. होती ती मुलांविषयीची माया. आणि त्या मायेने कोणाची जात विचारली नव्हती. आपले मंडळ त्याच खानदेशातले आहे.

तो मिरचीवाला विद्यार्थी अजून आम्हांस भेटतो. गेल्या वर्षी त्याने आपल्या धाकट्या मुलीला आमच्याकडे आणले आणि म्हणाला, "गुरुजी, हिला वाचता येते. आता पुढचे सांगा." आम्ही त्याला सांगितले, "आता पुढचे तुझ्याकडे आहे. रोज रात्री तिने तुला एक पान वाचून दाखवावे आणि तू तिला एक पान वाचून दाखवावे." तो लाजला, पण तयार झाला. परवा बाजारात भेटला, तेव्हा आपण होऊन सांगू लागला की मुलीबरोबर वाचता वाचता आता त्यालाही सलग वाचलेले ध्यानात राहू लागले आहे. औषधाचे पत्रक त्याने स्वतः वाचले, आणि मग मुलीकडून एकदा पडताळून घेतले.

बंधुभगिनींनो, आम्ही त्याला जे द्यावयाचे राहिलो होतो, ते त्याच्या मुलीने त्याला दिले. आपल्या घरोघरी अशी देवाणघेवाण सुरू व्हावी, एवढीच इच्छा आहे.